प्रथिननिर्मितीची सुरुवात कुठे अडली, हे पेशीत कसं तपासावं

उष्णता वाढली, अमिनो आम्लं संपली, विषाणू शिरला किंवा हीम कमी पडलं, की पेशी सगळ्यात आधी नवी प्रथिनं बनवण्याचा वेग कमी करते. नवीन जनुकं चालू करून त्यांचं प्रथिन हाती यायला तास जातात. असलेल्या एमआरएनएवर, म्हणजे प्रथिनाची कृती वाहणाऱ्या आरएनएवर, प्रथिन जोडणारे रायबोसोम चढू न देणं काही मिनिटांत साधतं. हा वेग पेशीच्या फायद्याचा आहे, मोजणाऱ्याच्या मात्र अडचणीचा. प्लेट इन्क्युबेटरमधून काढून बाकावर ठेवली आणि बफर शोधत बसलात, तर तेवढ्या वेळात पेशीचं उत्तर बदललेलं असतं. या विषयातले बहुतेक फसलेले प्रयोग अँटिबॉडीमुळे फसत नाहीत. पेशी फोडण्याआधीच्या शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचं काय झालं, यावर सगळं ठरतं.

ही रीत नागपुरात आणि विदर्भात जैवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा वैद्यकीय आनुवंशिकीचं काम करणाऱ्यांसाठी लिहिली आहे. पेशी वाढवण्याची खोली आणि वेस्टर्न ब्लॉटची (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखण्याची) सोय हाताशी आहे, आणि एका टप्प्यासाठी अल्ट्रासेंट्रिफ्यूज कुठेतरी वापरायला मिळेल, असं धरलं आहे. बाजारातल्या बहुतेक प्रोटोकॉलमध्ये ‘खोलीचं तापमान’ म्हणजे २० ते २५ अंश. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, आणि एसी बंद पडला की खोलीत ३८-४० सहज होतात. हा फरक या प्रयोगात पदोपदी आडवा येतो.

सुरुवात होते कशी

आपल्या पेशींमध्ये एमआरएनएच्या पुढच्या टोकाला ७-मिथाइलग्वानोसिनची टोपी असते. ईआयएफ-४ई हे प्रथिन ती टोपी धरतं. त्याला ईआयएफ-४जी जोडलं जातं आणि आरएनएच्या गुंडाळ्या सोडवणारं ईआयएफ-४ए त्याच्यासोबत येतं. दुसऱ्या बाजूला ४०एस हा रायबोसोमचा छोटा भाग तयार होत असतो. त्याच्यावर ईआयएफ-१, १ए, ३ आणि ५ बसलेले असतात, आणि ईआयएफ-२ हा जीटीपी व पहिलं मेथिओनीन वाहणारा टीआरएनए घेऊन येतो. ईआयएफ-२, जीटीपी आणि टीआरएनए या तिघांच्या जोडणीला टर्नरी कॉम्प्लेक्स म्हणतात. हे सगळं टोपीपाशी चढतं आणि एयूजी, म्हणजे प्रथिन सुरू करण्याची तीन अक्षरांची खूण, सापडेपर्यंत आरएनएवरून पुढे सरकतं. सरकत शोधण्याची ही कल्पना मॅरिलिन कोझॅक यांनी १९७८ मध्ये मांडली. एयूजीच्या आसपासची अक्षरंही महत्त्वाची असतात: उणे ३ या जागी ए किंवा जी, आणि अधिक ४ या जागी जी असेल तर रायबोसोम तिथे पक्का थांबतो. तशी अक्षरं नसली तर काही रायबोसोम तो एयूजी ओलांडून पुढे जातात. एयूजी पक्का झाला की जीटीपीचं विघटन पूर्ण होऊन ईआयएफ-२ जीडीपीसह बाहेर पडतो, ईआयएफ-५बी रायबोसोमचा मोठा ६०एस भाग जोडून देतो आणि साखळी वाढायला लागते.

बाहेर पडलेला ईआयएफ-२ पुन्हा कामाला लावायचा तर जीडीपी काढून जीटीपी बसवावा लागतो. ते काम ईआयएफ-२बी करतो. पेशी मुख्य नियंत्रण इथेच ठेवते.

दोन बटणं

पहिलं बटण ईआयएफ-२चं. त्याच्या अल्फा उपघटकातल्या ५१ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट बसलं की तो ईआयएफ-२बीला चिकटून त्यालाच अडवून धरतो. ईआयएफ-२बी पेशीत ईआयएफ-२पेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे ईआयएफ-२चा थोडाच भाग फॉस्फोरिलेट झाला तरी संपूर्ण पेशीतली टर्नरी कॉम्प्लेक्सची आवक घटते. वेस्टर्नमध्ये दुप्पट-तिप्पट वाढलेला पट्टा पाहून ‘एवढ्यानं काय होणार’ असं समजू नका. हे फॉस्फेट लावणारी किनेझ चार आहेत: एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये चुकीची घडी पडलेली प्रथिनं साठली की पर्क, अमिनो आम्लं कमी पडली की जीसीएन-२, दुपदरी आरएनए दिसला की पीकेआर, आणि हीम कमी पडलं की एचआरआय. अर्सेनाइटचा ताणही एचआरआयच ओळखतो.

दुसरं बटण टोपीपाशी आहे. ४ई-बीपी१ हे छोटं प्रथिन ईआयएफ-४ईला धरून ठेवतं आणि ईआयएफ-४जीला जवळ येऊ देत नाही. अन्न आणि वाढीचे संकेत पुरेसे असतात तेव्हा एमटॉर कॉम्प्लेक्स-१ त्याच्यावर फॉस्फेट लावतो. आधी थ्रिओनीन ३७ आणि ४६, नंतर ७० आणि सेरीन ६५. मग ते ईआयएफ-४ईला सोडतं. इथे फॉस्फेट असणं म्हणजे काम चालू, ईआयएफ-२ अल्फावर फॉस्फेट असणं म्हणजे काम बंद. नवखे विद्यार्थी या उलट्या अर्थांमुळे नेहमी गोंधळतात. ब्लॉटच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा.

पेशी शांत ठेवणं

हा भाग घाईत वाचू नका.

कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरला तापवता येतं, थंड करता येत नाही. त्याला ३७ अंश धरून ठेवायला खोली साधारण पाच अंशांनी तरी थंड लागते, म्हणजे ३२च्या आत. खोली ३६ झाली की आतलं तापमान हळूहळू वर सरकतं. पडद्यावर ३९ दिसत असेल, तर त्या दिवशी कंट्रोलच्या पेशीही उष्णतेच्या ताणात आहेत असं धरा आणि प्रयोग पुढे ढकला. आत एक स्वतंत्र, कमाल तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर ठेवा. रात्री वीज जाऊन एसी बंद राहिला होता का, हे सकाळी त्यावरूनच कळतं. एसी नाही म्हणून पेशींच्या खोलीत कूलर लावू नका. कूलरच्या ओल्या गवतातून बुरशीचे बीजाणू थेट हवेत येतात, आणि आर्द्रता इतकी वाढते की थंड प्लेटच्या झाकणावर पाणी साचतं.

पेशींची दाटी ६० ते ७० टक्के असताना प्रयोग करा. भरगच्च प्लेटमध्ये माध्यमातली अमिनो आम्लं संपत आलेली असतात, त्यामुळे जीसीएन-२ जागा होतो आणि एमटॉर मंदावतो, म्हणजे दोन्ही बटणं आपोआप दाबली जातात. ग्लुटामिन द्रवरूपात टिकाऊ नसतं. ३७ अंशांना ते काही दिवसांत विघटित होऊन अमोनिया देतं. माध्यमाची बाटली दर वेळी पूर्ण गरम करून परत फ्रिजमध्ये ठेवण्यापेक्षा लागेल तेवढंच माध्यम वेगळं काढून गरम करा. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या प्लेटचं माध्यम एकाच वेळी बदला. ऐन प्रयोगाच्या तोंडावर बदललंत तर ताज्या सीरमनं एमटॉर उसळतो आणि तुमचा शून्यबिंदूच हलतो.

औषध द्यायचं तर पूर्ण माध्यम न बदलता, त्याच प्लेटमधून काढलेल्या थोड्या माध्यमात दहापट तीव्र करून मिसळा. डायमिथाइल सल्फॉक्साइड ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि कंट्रोललाही तेवढंच द्या. प्लेट एकेक करून हाताळा. सहा प्लेट एकदम बाहेर काढल्या तर सहाव्या प्लेटचं उत्तर पहिल्यापेक्षा वेगळं येणारच.

ज्यांच्याशी तुलना करायची ते नमुने

तुमचा प्रश्न कुठलाही असो, पहिल्या ब्लॉटवर पुढचे नमुने हवेतच. उपचार न केलेल्या पेशी. सोडियम अर्सेनाइट ०.५ मिलिमोलर, ३० ते ४५ मिनिटं: यात ईआयएफ-२ अल्फाचं फॉस्फेट जोरदार वाढतं. थॅप्सिगार्जिन १ मायक्रोमोलर, एक तास: हा पर्कचा रस्ता. टोरिन-१, २५० नॅनोमोलर, एक तास: हे एमटॉरला अडवतं, त्यामुळे ४ई-बीपी१वरची फॉस्फेटं उतरतात. टोरिनऐवजी रॅपामायसिन वापरण्याचा मोह आवरा. ते ४ई-बीपी१ची फॉस्फेटं, विशेषतः ३७ आणि ४६ वरची, अपुरीच उतरवतं, आणि मग अँटिबॉडी खराब आहे असं वाटत राहतं.

अर्सेनाइट विषारी आहे. हातमोजे घाला, पावडर तोलताना फ्यूम हूड वापरा, आणि उरलेलं माध्यम सिंकमध्ये न ओतता वेगळ्या, खूण केलेल्या डब्यात साठवून संस्थेच्या घातक-कचरा व्यवस्थेकडे द्या.

वेस्टर्न

ईआयएफ-२ अल्फावरचं फॉस्फेट पीपी१ हे फॉस्फेटेज काढतं. पेशी थंड बफरमध्ये फोडल्या तरी ते काही काळ काम करत राहतं. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे माध्यम ओढून घेऊन, थंड ट्रिस-सलाइननं एकदा धुऊन, ९५ अंशांचा २ टक्के एसडीएस असलेला बफर थेट प्लेटवर ओतणं. सहा विहिरींच्या प्लेटला प्रत्येकी १५० मायक्रोलिटर पुरे. चिकट डीएनए सोनिकेटरनं किंवा बारीक सुईतून ओढून तोडा. सौम्य बफरच वापरायचा असेल तर ५० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड आणि २० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हवंच. ऑर्थोव्हॅनाडेट घालायला हरकत नाही, पण ते टायरोसीनवरचं फॉस्फेट वाचवतं. आपलं फॉस्फेट सेरीनवर आहे. नुसत्या ऑर्थोव्हॅनाडेटवर विसंबलेले ब्लॉट फिके येतात.

प्रथिनाचं प्रमाण बीसीए पद्धतीनं मोजा, आणि डीटीटी मोजल्यानंतर घाला, कारण डीटीटीनं बीसीएचा रंग खोटा वाढतो. ब्रॅडफोर्डला एसडीएस चालत नाही. प्रत्येक रांगेत ३० मायक्रोग्रॅम पुरे. ईआयएफ-२ अल्फा ३६ ते ३८ किलोडाल्टनवर दिसतो, त्याला १० टक्के जेल चालतं. ४ई-बीपी१ १५ ते २० किलोडाल्टनच्या पट्ट्यात तीन ओळींत येतं. त्याला १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉनचा मेंब्रेन घ्या. ०.४५च्या मेंब्रेनमधून ते आरपार निघून जातं. एकूण ४ई-बीपी१ची अँटिबॉडी लावली तरी या तीन ओळी वाचता येतात: सगळ्यात वरची ओळ जास्तीत जास्त फॉस्फेटवाली, सगळ्यात खालची कमीत कमी. टोरिनच्या रांगेत सगळा माल खाली सरकलेला दिसला पाहिजे.

फॉस्फो-अँटिबॉडीसाठी ब्लॉकिंग ५ टक्के बीएसएमध्ये करा. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं असतं, त्यानं पार्श्वभूमी काळवंडते. धुण्याचे बफरही ट्रिसचेच घ्या, फॉस्फेटचे नकोत. आकडा नेहमी फॉस्फो भागिले एकूण असा मांडा. दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या प्राण्यांच्या असतील तर एकाच मेंब्रेनवर दोन्ही लावता येतात. तसं नसेल तर त्याच नमुन्यांचं जुळं जेल चालवा. अँटिबॉडी धुऊन काढून पुन्हा लावण्यापेक्षा ते बरं.

वेळेची एक गाठ लक्षात ठेवा. ताण लांबला की एटीएफ-४ या ताणात वाढणाऱ्या, इतर जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाच्या हाताखाली जीएडीडी-३४ तयार होतो, आणि तो पीपी१ला ईआयएफ-२पाशी आणून फॉस्फेट काढून टाकतो. त्यामुळे थॅप्सिगार्जिननंतर एका तासाला फॉस्फेट भरपूर आणि एटीएफ-४ अजून थोडं, तर बऱ्याच तासांनी एटीएफ-४ भरपूर आणि फॉस्फेट जवळपास उतरलेलं, असं चित्र दिसतं. एकच वेळ मोजून ‘फॉस्फेट वाढलं नाही’ असं लिहू नका. अर्धा, एक, दोन, चार आणि आठ तास घ्या.

प्रत्यक्ष प्रथिन बनतंय का: प्युरोमायसिन

फॉस्फेट दिसणं म्हणजे बटण दाबलेलं आहे. काम खरंच थांबलं का, ते वेगळं मोजावं लागतं. प्युरोमायसिन टीआरएनएच्या टोकासारखं दिसतं, त्यामुळे वाढत्या साखळीत शिरून ते तिला तिथेच तोडतं आणि स्वतः तिच्या टोकाला चिकटून राहतं. प्युरोमायसिन ओळखणारी अँटिबॉडी लावली की वेस्टर्नमध्ये पूर्ण रांगभर धुरकट पट्टा दिसतो. तो जितका गडद, तितकं प्रथिन त्या दहा मिनिटांत बनत होतं.

उपचाराच्या शेवटच्या दहा मिनिटांत १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर द्या आणि लगेच गरम एसडीएसमध्ये फोडा. दहाची वीस मिनिटं झाली तर तुलना गेली. एक रांग प्युरोमायसिन न दिलेली, आणि एक रांग आधी रायबोसोम जागीच थांबवणारं सायक्लोहेक्सिमाइड १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर देऊन मग प्युरोमायसिन दिलेली ठेवा. पहिल्या रांगेत काहीच दिसायला नको. दुसरीत फार थोडं. रांगांमध्ये प्रथिन सारखं भरलं होतं हे दाखवायला मेंब्रेनवर पाँसो रंग द्या आणि त्याचा फोटो ठेवा.

पट्टा मुळीच येत नसेल तर आधी पेशींचा इतिहास पाहा. लेंटिव्हायरसनं जनुक घालून प्युरोमायसिनवर निवडलेल्या पेशींमध्ये त्याला निकामी करणारं जनुक असतं. त्या पेशींत ही पद्धत चालत नाही.

पॉलिसोम: सुरुवात अडली की साखळी?

प्युरोमायसिनचा पट्टा फिका झाला, यावरून सुरुवात अडली असं सिद्ध होत नाही. साखळी वाढण्याचा वेग मंदावला तरी तो फिका होतो. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर गाड्या तोंडाशीच अडवल्या तर पूल रिकामा होतो. आत शिरलेल्या गाड्या पुलावरच मंदावल्या तर पूल भरतो. पलीकडे उतरणाऱ्या गाड्या दोन्ही वेळी कमीच. एका एमआरएनएवर अनेक रायबोसोम बसलेले असले की त्याला पॉलिसोम म्हणतात. एमआरएनएवर किती रायबोसोम बसलेत ते पाहिलं की हा प्रश्न सुटतो, आणि त्यासाठी साखरेच्या घनतेचा उतार लागतो.

बफरपासून सुरुवात करू. यात ट्रिस वापरणार असाल तर पीएच कुठल्या तापमानाला लावला ते बघा. ट्रिसचा पीएच दर अंशाला साधारण ०.०२८नं बदलतो. २५ अंशांना ७.५ लावलेला बफर ४ अंशांवर ८.१च्या आसपास जातो. एसी बंद असलेल्या खोलीत ३८ अंशांना लावलात तर ४ अंशांवर तो साडेआठच्या जवळ पोचतो, आणि इतक्या अल्कलीत आरएनए आणि रायबोसोम दोन्ही धोक्यात येतात. एक तर बर्फात बुडवून पीएच लावा, किंवा सरळ हेपेस घ्या. त्याचा बदल याच्या निम्मा आहे.

फोडण्याचा बफर असा: हेपेस २० मिलिमोलर, पीएच ७.४, पोटॅशियम क्लोराइड १०० मिलिमोलर, मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर, ट्रायटन एक्स-१०० १ टक्का, डीटीटी १ मिलिमोलर, सायक्लोहेक्सिमाइड १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, आरएनेझ इन्हिबिटर २०० युनिट प्रति मिलिलिटर, आणि ईडीटीए नसलेला प्रोटिएज इन्हिबिटर. ईडीटीए मॅग्नेशियम पळवतो आणि मॅग्नेशियमशिवाय रायबोसोमचे दोन भाग सुटतात. याच कारणानं वेस्टर्नचा फ्लोराइडवाला बफर इथे आणू नका: फ्लोराइड मॅग्नेशियमला खाली बसवतं. मॅग्नेशियम क्लोराइडची उघडी बाटली पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढते आणि वजन चुकतं. म्हणून नवी बाटली फोडली की एकदाच १ मोलरचं द्रावण करून ठेवा. डीटीटी मात्र त्याच दिवशी घाला.

उतारासाठी १०, २०, ३०, ४० आणि ५० टक्क्यांची सुक्रोज द्रावणं करा. ५० टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० ग्रॅम. प्रत्येकात वरचाच हेपेस, पोटॅशियम, मॅग्नेशियम, डीटीटी आणि सायक्लोहेक्सिमाइड घाला, ट्रायटन नको. एसडब्ल्यू ४१ प्रकारच्या रोटरची नळी १३.२ मिलिलिटरची असते. उतार बनवणारं यंत्र नसेल तर ५० टक्क्यांचं द्रावण २.४ मिलिलिटर तळाशी घाला, उणे ८० अंशांत गोठवा, त्यावर ४० टक्क्यांचं घालून पुन्हा गोठवा, असं वरपर्यंत जा. गोठवलेल्या नळ्या साठवता येतात. वापरायच्या आदल्या संध्याकाळी ४ अंशांत उभ्या ठेवा. सकाळपर्यंत थर विरघळून उतार सरळ होतो. फ्रिजचं दार सतत उघडलं जात असेल किंवा कॉम्प्रेसर हादरत असेल तर नळ्या थंड खोलीत ठेवणं बरं.

पेशींच्या दोन १५ सेंटिमीटर प्लेट एका नमुन्याला घ्या. माध्यमात सायक्लोहेक्सिमाइड १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर घालून ३७ अंशांना पाच मिनिटं ठेवा. रायबोसोम आहेत तिथे गोठतात. तेच औषध घातलेल्या बर्फगार पीबीएसनं दोनदा धुवा, सगळं ओढून घ्या, ५०० मायक्रोलिटर बफरमध्ये खरवडा, बर्फात दहा मिनिटं ठेवा आणि १३,००० जी ला ४ अंशांत दहा मिनिटं फिरवा. वरचा स्वच्छ भाग घ्या. २६० नॅनोमीटरवर मोजताना शून्य फोडण्याच्या बफरनं लावा, पाण्यानं नाही, कारण ट्रायटन स्वतः या पट्ट्यात प्रकाश शोषतो. प्रत्येक नळीवर सारखेच, साधारण पाच ते आठ ए-२६० युनिट घाला, तेही ५०० मायक्रोलिटरच्या आत. वरून बफर घालून नळी काठापासून तीन मिलिमीटरपर्यंत भरा. अर्धवट भरलेली पातळ नळी फिरताना आत दबते. समोरासमोरच्या बकेट तोलून सारख्या करा, आणि नळी नसली तरी सहाही बकेट लटकवा.

रोटर आणि बकेट आदल्या रात्रीपासून ४ अंशांत हव्यात. गरम रोटरमध्ये सुक्रोज पातळ होतं आणि सगळे कळस नेहमीपेक्षा खाली उतरतात. ३५,००० आरपीएमला, ४ अंशांत, दोन तास फिरवा. ब्रेक बंद किंवा मंद ठेवा. मग २५४ नॅनोमीटरवर वाचत एक-एक मिलिलिटरचे भाग गोळा करा.

आलेखात वरच्या टोकाला मोठा उंचवटा येतो. तो ट्रायटन, मोकळे न्यूक्लिओटाइड आणि प्रथिनांचा. त्याला ४०एस समजू नका. त्यानंतर ४०एस, ६०एस, ८०एस (दोन्ही भाग जुळलेला एकटा रायबोसोम), आणि मग दोन, तीन, चार रायबोसोमवाले पॉलिसोम. सुरुवात अडली असेल तर पॉलिसोम आटतात आणि ८०एसचा कळस उंच होतो. अर्सेनाइटच्या नमुन्यात हे ठळक दिसतं. साखळी मंदावली असेल तर प्युरोमायसिन कमी असूनही पॉलिसोम टिकून असतात किंवा वाढलेले असतात. शंका राहिली तर हॅरिंगटोनिन २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर देऊन पाच मिनिटांनी सायक्लोहेक्सिमाइड द्या. हॅरिंगटोनिन नुकत्याच चढलेल्या रायबोसोमला एयूजीपाशी अडवतं आणि पुढे गेलेल्यांना सोडून देतं. निरोगी पेशीत एवढ्या वेळात पॉलिसोम बरेच रिकामे होतात. साखळी मंद असलेल्या पेशीत ते रेंगाळतात.

एक नळी नेहमी २० मिलिमोलर ईडीटीए घातलेली ठेवा. तिच्यात जड भागातले कळस जाऊन सगळा माल ४०एस आणि ६०एसमध्ये यायला हवा. जे तरीही जड भागात राहिलं ते पॉलिसोम नव्हतंच. उलट, कुठल्याच नळीत पॉलिसोम दिसत नसतील, अगदी कंट्रोलमध्येही, आणि ८०एस अवाढव्य असेल, तर बहुतेक वेळा आरएनेझनं, म्हणजे आरएनए तोडणाऱ्या विकरानं, रायबोसोम धरून ठेवणारी एमआरएनएची दोरी कापली आहे. इन्हिबिटर ताजा आहे का, आणि तो कुरिअरनं येताना त्याच्याभोवतीचा कोरडा बर्फ शिल्लक होता का, हे आधी तपासा. उन्हाळ्यात असली मागणी आठवड्याच्या सुरुवातीला पोचेल अशी द्या, म्हणजे पार्सल रविवारी कुठल्याशा गोदामात पडून राहत नाही.

भागांमधून आरएनए काढताना जड सुक्रोजमुळे फिनॉलवाल्या अभिकर्मकात थर उलटे होऊ शकतात आणि आरएनए असलेला पाण्याचा थर खाली जातो. त्यामुळे जड भाग आधी समान पाण्यानं पातळ करा. काढण्याआधी प्रत्येक भागात बाहेरचा, उदाहरणार्थ लुसिफरेजचा, आरएनए सारख्या प्रमाणात घाला. कुठल्या भागात किती वाया गेलं ते क्यूपीसीआरमध्ये (आरएनएचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतीत) त्यावरून दुरुस्त करता येतं.

सगळे एमआरएनए एकसारखे थांबत नाहीत

टर्नरी कॉम्प्लेक्स कमी झाल्यावर एटीएफ-४ वाढतं, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटतं. एयूजीपासून थांबण्याच्या खुणेपर्यंतच्या भागाला इथे वाक्य म्हणू. त्याच्या एमआरएनएवर मुख्य वाक्याआधी दोन छोटी वाक्यं आहेत. पहिलं तीन अमिनो आम्लांचं, दुसरं ५९चं आणि मुख्य एयूजीच्या पुढेपर्यंत पसरलेलं. पहिलं वाचून झाल्यावर ४०एस भाग पुढे सरकत राहतो. टर्नरी कॉम्प्लेक्स भरपूर असेल तर तो दुसऱ्या वाक्याच्या सुरुवातीपर्यंत सज्ज होतो, तिथेच अडकतो आणि मुख्य वाक्य हुकतं. टर्नरी कॉम्प्लेक्स दुर्मिळ असेल तर सज्ज व्हायला उशीर होतो, दुसरं वाक्य ओलांडलं जातं आणि एटीएफ-४चं एयूजी सापडतं. एटीएफ-४ जेलवर ५० किलोडाल्टनच्या जवळ येतं आणि फार लवकर मोडतं. त्याचा एमआरएनएही ताणात वाढतो, म्हणून क्यूपीसीआर न करता प्रथिनाच्या वाढीचं श्रेय एकट्या ट्रान्सलेशनला (एमआरएनएवरून प्रथिन बनण्याला) देऊ नका.

इसरिब हे रेणू इथे उपयोगी पडतं. ते ईआयएफ-२बीला एकत्र बांधून त्याचं काम सुरू ठेवतं. २०० नॅनोमोलर इसरिब दिल्यावर प्युरोमायसिनचा पट्टा परत आला आणि एटीएफ-४ घटलं, पण ईआयएफ-२ अल्फाचं फॉस्फेट तसंच राहिलं, तर अडथळा पहिल्या बटणाचाच होता. फॉस्फेट फारच जास्त असेल तर इसरिब कमी पडतं, ०.५ मिलिमोलर अर्सेनाइटसोबत ते निष्फळ दिसलं म्हणून निष्कर्ष काढू नका, ताण सौम्य करून पुन्हा बघा. टोरिननं आलेली घट इसरिबनं परतत नाही, आणि हा फरकही निदानाला कामी येतो.

रक्ताचे नमुने

विदर्भात सिकलसेल आणि लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग दोन्ही असल्यानं एचआरआयवर काम करावंसं वाटणं स्वाभाविक आहे. तरुण लाल पेशींमध्ये म्हणजे रेटिक्युलोसाइटमध्ये केंद्रक नसतं, त्यामुळे ग्लोबिनवर नियंत्रण ठेवायला ट्रान्सलेशनची सुरुवात हीच मुख्य जागा उरते. हीम कमी पडलं की एचआरआय ग्लोबिन बनवणं थांबवतो, म्हणजे हीमशिवायचं ग्लोबिन साठून पेशीचं नुकसान होत नाही. माणसाच्या लाल पेशींमध्ये एचआरआय कमी केला की गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. सिकलसेलसाठी या मार्गाकडे लक्ष वळलं ते त्यामुळे.

नैतिकता समितीची परवानगी आणि संमतीपत्र आधी घ्या. गडचिरोली किंवा मेळघाटातून नमुना गाडीनं नागपूरला येईपर्यंत तासांचा वेळ जातो, आणि तेवढ्यात फॉस्फेटची स्थिती बदलते. म्हणून मोजमाप नमुना घेतलेल्या ठिकाणीच पक्कं करावं लागतं. रक्त काढल्याबरोबर छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये प्लाझ्मा आणि वरचा पांढरा थर काढून टाका. पांढऱ्या पेशी राहिल्या तर त्यांचाच ईआयएफ-२ मोजला जाईल. उरलेल्या लाल पेशींचे ५० मायक्रोलिटर थेट गरम एसडीएस बफरच्या ४५० मायक्रोलिटरमध्ये घाला, पाच मिनिटं ९५ अंशांना ठेवा, आणि मगच थंड पेटीत प्रवासाला द्या. रेटिक्युलोसाइटची टक्केवारी त्याच रक्ताची मोजून लिहा, कारण सिकलसेलच्या रुग्णात ती निरोगी माणसापेक्षा जास्त असते आणि तुलना त्यानं वाकडी होते. अशा नमुन्यात ईआयएफ-२ अल्फा वाचता येतो. ४ई-बीपी१ मात्र इथे शोधू नका: हिमोग्लोबिनच्या साखळ्या जेलच्या त्याच खालच्या टोकाला, १५-१६ किलोडाल्टनपाशी, एवढ्या प्रमाणात येतात की पूर्ण भाग फुगून वाकडा होतो.